बेसिक पॅकेजमधून बाहेर: लिथुआनियातल्या एका रशियन भाषक वाहिनीचं प्रकरण

लिथुआनियाच्या रेडिओ-टेलिव्हिजन आयोगानं १८ मे २०१६ रोजी देशातल्या टीव्ही वितरकांना एक आदेश दिला. रशियन भाषेतली एक वाहिनी पुढचे बारा महिने फक्त अशाच पॅकेजमध्ये दाखवायची, ज्यासाठी ग्राहक जादा पैसे भरतो. बेसिक पॅकेजमध्ये ती चालणार नाही. वाहिनीवर बंदी नव्हती, परवाना रद्द झाला नव्हता, कार्यक्रमांना कात्री लागली नव्हती. फक्त तिची जागा बदलली होती.

वाहिनी चालवणाऱ्या कंपनीनं आदेशाला आव्हान दिलं. प्रकरण लक्झेम्बर्गला युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि ४ जुलै २०१९ रोजी निकाल लागला. खटला क्रमांक सी-६२२/१७. शेजारच्या देशाचा परवाना घेऊन आपल्या घराघरांत पोहोचणाऱ्या वाहिनीचं काय करायचं, हा प्रश्न युरोपात निघाला की या निकालाचा दाखला दिला जातो. वाहिनीचं आणि कंपनीचं नाव या टिपणात घेतलेलं नाही. ती कोण होती यापेक्षा कुठल्या टप्प्यावर कोणता निर्णय झाला आणि तिथे दुसरं काय शक्य होतं, हे पाहायचं आहे.

पार्श्वभूमी

लिथुआनियाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत ८४ टक्के लोक लिथुआनियन, साधारण साडेसहा टक्के पोलिश आणि सहा टक्क्यांच्या आत रशियन होते. रशियन वाहिन्यांचा प्रेक्षक मात्र त्या सहा टक्क्यांपुरता नाही. सोव्हिएत काळात शाळा शिकलेल्या पिढीला रशियन सहज समजतं आणि बऱ्याच पोलिश कुटुंबांतही या वाहिन्या पाहिल्या जातात.

टीव्हीबद्दल हा देश हळवा आहे आणि त्याला कारण आहे. १३ जानेवारी १९९१ रोजी पहाटे सोव्हिएत सैन्यानं व्हिल्नियसचा टीव्ही मनोरा आणि रेडिओ-टीव्हीची इमारत ताब्यात घेतली. मनोऱ्याभोवती निःशस्त्र माणसांनी कडं केलं होतं. त्या कारवाईत १४ नागरिकांचा जीव गेला. राजधानीतलं प्रक्षेपण बंद पडल्यावर कौनसच्या स्टुडिओतून ते चालू ठेवलं गेलं. आजही दर १३ जानेवारीला देश या लोकांची आठवण काढतो. त्या दिवसाची उलटी हकीकत सांगणारे कार्यक्रम रशियन भाषक वाहिन्यांवर लागले, तेव्हा २०१३ आणि २०१४ मध्ये अशा दोन वाहिन्यांवर तीन-तीन महिन्यांचे निर्बंध आले होते. म्हणजे २०१६ मधला आदेश काही अचानक निघालेला नव्हता.

आता कायद्याची बाजू. युरोपीय संघात टीव्हीच्या कायद्याचा पाया १९८९ च्या ‘सीमारहित टेलिव्हिजन’ निर्देशानं, म्हणजे सदस्य देशांना बांधून घेणाऱ्या संघाच्या कायद्यानं, घातला. तोच पुढे २०१० मध्ये दृकश्राव्य माध्यम सेवांच्या निर्देशात, म्हणजे २०१०/१३ मध्ये, नव्यानं मांडला गेला. त्याचं मुख्य सूत्र असं: प्रसारकावर देखरेख एकाच देशानं ठेवायची, तो जिथे स्थापन झाला आहे त्या देशानं. बाकीच्या सदस्य देशांनी त्याचं प्रक्षेपण अडवायचं नाही आणि आपल्या हद्दीत तपासणीची दुसरी चाळणी लावायची नाही. एक परवाना, सगळा संघ मोकळा. हे सूत्र नसतं तर लहान देशांतल्या वाहिन्यांना प्रत्येक सीमेवर नवी परवानगी मागत फिरावं लागलं असतं. त्यामुळे मला ते मोलाचं वाटतं आणि त्याला पडणारी प्रत्येक फट काळजीनं तपासावीशी वाटते.

या प्रकरणातली वाहिनी लिथुआनियाच्या प्रेक्षकांसाठी होती आणि तिचे बहुतेक कार्यक्रम रशियन भाषेत होते. कंपनीची नोंदणी मात्र ब्रिटनमध्ये होती आणि परवाना ब्रिटनची नियामक संस्था ऑफकॉमचा होता. ब्रिटन तेव्हा संघात होता. दुसऱ्या देशांसाठीच्या कितीतरी वाहिन्या तेव्हा लंडनहून परवाना घेत, आणि त्यात बेकायदा काही नव्हतं.

अडचण

१५ एप्रिल २०१६ रोजी वाहिनीवर लिथुआनियाबद्दलचा एक कार्यक्रम दाखवला गेला. ज्यूंच्या वंशसंहारात लिथुआनियन आणि लाटव्हियन लोकांनी नाझींना साथ दिली आणि बाल्टिक देशांचं (लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया) आजचं अंतर्गत धोरण राष्ट्रवादी, नवनाझी आहे, असा त्यातल्या दाव्यांचा रोख होता. आयोगाच्या मते त्यात खोटी माहिती होती आणि ती बाल्टिक देशांविरुद्ध राष्ट्रीयत्वाच्या आधारावर वैर आणि द्वेष चिथावणारी होती. रशियन भाषक अल्पसंख्याक हा या कार्यक्रमाचा खास लक्ष्यगट होता, हेही आयोगानं धरलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या प्रकरणातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. वंशसंहारातल्या स्थानिक सहभागाचा इतिहास खरा आहे. युद्धापूर्वी लिथुआनियात दोन लाखांहून जास्त ज्यू राहत होते. त्यातले ९० टक्क्यांहून अधिक मारले गेले आणि या हत्यांत स्थानिक लोकांचा हात होता. १९९५ च्या मार्चमध्ये लिथुआनियाचे अध्यक्ष अल्गिर्दास ब्राझाउस्कास यांनी इस्राएलच्या संसदेत उभं राहून त्याबद्दल माफी मागितली. म्हणून नाझींशी केलेल्या सहकार्याचा विषय काढणारा प्रत्येक कार्यक्रम द्वेष पसरवतो, असं कुणालाही म्हणता येणार नाही. खऱ्या इतिहासाचा धागा घेऊन त्यात खोटं गुंफलं आणि त्यातून आजचा सगळा देश नाझी ठरवला, तर ती वेगळी गोष्ट. हा फरक नियामकाला वाक्यावाक्यानं दाखवावा लागतो. तो नीट दाखवला नाही, तर उद्या स्वतःच्याच देशातल्या प्रामाणिक इतिहासकाराचं तोंड बंद करायला तोच आदेश दाखला म्हणून पुढे येईल.

दुसरी अडचण प्रक्रियेची. निर्देशाच्या तेव्हाच्या कलम ३ मध्ये परदेशी वाहिनी थांबवायची वाट होती, पण ती अरुंद होती. उल्लंघन उघड, गंभीर आणि भारी असायला हवं होतं. त्याआधीच्या बारा महिन्यांत प्रसारकानं तशीच चूक निदान दोनदा केलेली असायला हवी होती. प्रसारकाला आणि युरोपीय आयोगाला (ब्रसेल्समधल्या, संघाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेला) लेखी कळवायचं, परवाना देणाऱ्या देशाशी बोलायचं, पंधरा दिवसांत समेट झाला नाही आणि चूक चालूच राहिली तरच पुढे जायचं. मग उपाय कायद्याला धरून आहे का, हे युरोपीय आयोग दोन महिन्यांत ठरवायचा. नुसत्या एका कार्यक्रमाच्या जोरावर हा दरवाजा उघडत नव्हता.

समोरचे पर्याय

ही वाट लिथुआनियाला ठाऊक होती. स्वीडनचा परवाना असलेली दुसरी एक रशियन वाहिनी एप्रिल २०१५ मध्ये तीन महिने थांबवताना या देशानं हीच पायरी-पायरीची प्रक्रिया पाळली. १० जुलै २०१५ रोजी युरोपीय आयोगानं ती कारवाई योग्य ठरवली. म्हणजे कलम ३ नं जाणं शक्य होतं, मात्र त्यासाठी आधीच्या दोन उल्लंघनांची नोंद हाती असायला हवी आणि तोवर वाट पाहायची तयारी हवी. कलम ३ चं बळ असं की शेवटी शिक्का ब्रसेल्सचा असतो. ‘लहान देशानं चिडून केलेली कारवाई’ असं मग कुणाला म्हणता येत नाही.

दुसरा पर्याय कलम ४ चा. एखादी वाहिनी संपूर्णपणे किंवा मुख्यत्वे आपल्याच देशासाठी आहे आणि आपले कडक नियम चुकवायलाच तिनं परदेशात बस्तान मांडलं आहे, असं दाखवता आलं तर यजमान देश, म्हणजे वाहिनी जिथे पाहिली जाते तो देश, पावलं उचलू शकतो. वाहिनी लिथुआनियासाठीच होती, म्हणून वरवर हा पर्याय चपखल वाटतो. पण नियम चुकवण्याचा हेतू सिद्ध करणं महाकठीण. स्वीडननं दारूच्या जाहिरातींवरून ब्रिटनमधल्या प्रसारकांविरुद्ध हाच मार्ग धरला होता आणि जानेवारी २०१८ मध्ये युरोपीय आयोगानं त्याला नकार दिला. दुसऱ्या देशात कंपनी स्थापन करणं हा युरोपीय कायद्यानं दिलेला हक्क आहे. तो वापरला एवढ्यावरून हेतू वाईट ठरत नाही.

तिसरा पर्याय साधा होता: ऑफकॉमकडे तक्रार. परवाना त्यांचा, नियम त्यांचे. दंड करण्यापासून परवाना काढून घेण्यापर्यंतचे अधिकारही त्यांच्याकडे. मूळ देशानं देखरेख ठेवायची या सूत्रात हाच पहिला मार्ग आहे. अडचण वेळेची. कार्यक्रम तपासायचे, प्रसारकाचं म्हणणं ऐकायचं, निष्कर्ष काढायचा, मग शिक्षेवर पुन्हा ऐकायचं, असं सगळं त्यात येतं. रशियन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या एका वाहिनीच्या मार्च-एप्रिल २०१८ मधल्या सात कार्यक्रमांबद्दल ऑफकॉमनं २ लाख पौंडांचा दंड ठोठावला, तो जुलै २०१९ मध्ये. न्याय नीट करायचा तर एवढा वेळ लागतोच. व्हिल्नियसमध्ये बसलेल्या नियामकाला मात्र तोवर गप्प राहणं परवडत नाही.

चौथा पर्याय आयोगानं निवडला: वाहिनीला हात न लावता वितरणाची अट बदलायची. देशाच्या माहिती कायद्यात तशी तरतूद होती.

पाचवाही एक पर्याय होता, पण तो नियामकाच्या हातातला नव्हता. शेजारच्या एस्टोनियानं २८ सप्टेंबर २०१५ रोजी सार्वजनिक पैशातून ‘ईटीव्ही प्लस’ ही स्वतःची रशियन भाषेतली वाहिनी सुरू केली. आपल्याच नागरिकांना त्यांच्या भाषेत बातम्या द्यायच्या, म्हणजे त्यांना मॉस्कोच्या बातम्यांवर विसंबून राहावं लागणार नाही, असा तो विचार. याला पैसा लागतो, वेळ लागतो आणि प्रेक्षक जोडायला वर्षं जातात. पण निर्बंधाच्या प्रत्येक निर्णयाशेजारी हा पर्याय मांडून पाहिला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

काय केलं गेलं

कार्यक्रम दाखवल्यापासून ३३ दिवसांत आदेश निघाला. त्याचा भार प्रामुख्यानं वितरकांवर होता: केबल कंपन्या, इतर वितरक आणि इंटरनेटवरून वाहिन्या पुरवणारेही. वाहिनीनं आपल्या कार्यक्रमांत काही बदलायचं नव्हतं. वितरकानं मात्र आपली पॅकेजं पुन्हा आखायची होती.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय, ते केबलचं बिल भरणाऱ्या कुणालाही कळेल. काल रिमोटवर जो नंबर दाबल्यावर वाहिनी लागत होती, तिथे आज ती नाही. हवी असेल तर वितरकाला फोन करायचा, वरचं पॅकेज विचारायचं, दर महिन्याला जादा पैसे द्यायचे. आवडीनं पाहणारा हे करील. सहज चॅनेल बदलताना थांबणारा, स्वयंपाक करताना नुसती लावून ठेवणारा मात्र गळतो. या आदेशाचा जोर या सवयीच्या प्रेक्षकावर होता आणि प्रचाराचा परिणामही बहुधा त्याच्यावरच होतो. त्यामुळे साधन विचारपूर्वक निवडलेलं होतं, हे मान्य केलं पाहिजे.

ज्या पेन्शनवाल्या आजीला दुसरी भाषा नीट येत नाही, तिलाही हेच जादा पैसे भरावे लागतात, हीसुद्धा त्याच आदेशाची दुसरी बाजू. टीव्ही हेच तिचं बाहेरचं जग. अल्पसंख्याकांचं प्रचारापासून रक्षण करण्यासाठी काढलेल्या आदेशाची आर्थिक झळ अल्पसंख्याकांनाच बसते, याचा हिशेब कुठेतरी मांडला जायला हवा.

न्यायालयात काय झालं

कंपनी व्हिल्नियसच्या विभागीय प्रशासकीय न्यायालयात गेली. तिचा मुद्दा थेट होता. या आदेशानं दुसऱ्या सदस्य देशातून येणारं प्रक्षेपण अडतं, म्हणून तो कलम ३ खाली येतो. कलम ३ ची प्रक्रिया तर पाळलीच नाही, म्हणून आदेश बेकायदा आहे. मुद्दा मान्य झाला असता तर कार्यक्रमात काय होतं याची चर्चाही करावी लागली नसती.

व्हिल्नियसच्या न्यायालयानं ऑक्टोबर २०१७ मध्ये लक्झेम्बर्गला प्रश्न पाठवला. आदेशाच्या तारखेपासून मोजलं तर बारा महिने त्याआधीच, मे २०१७ मध्ये भरले होते.

युरोपीय न्यायालयासमोर दोन जुने निकाल होते. १९९७ मध्ये, स्वीडनमधल्या जाहिरातींच्या प्रकरणात, त्यानं म्हटलं होतं की मूळ देशाचं सूत्र असलं तरी यजमान देशाचे सगळेच कायदे गळून पडत नाहीत. सप्टेंबर २०११ चं प्रकरण जास्त जवळचं होतं. डेन्मार्कचा परवाना असलेल्या एका कुर्दिश वाहिनीवर जर्मनीनं २००८ मध्ये बंदी घातली होती. न्यायालयानं तिथे रेघ ओढली: वाहिनीचे लोक जर्मनीत जे कार्यक्रम तयार करतात किंवा जाहीरपणे दाखवतात त्यावर जर्मनी आपला कायदा लावू शकतो, पण डेन्मार्कहून येणारं प्रक्षेपण अडवू शकत नाही.

२०१९ मध्ये न्यायालयानं तीच रेघ लिथुआनियाच्या प्रकरणात पुढे नेली. कलम ३ ज्या ‘पुनःप्रक्षेपणावरच्या निर्बंधां’बद्दल बोलतं, त्या शब्दांचा अर्थ त्यानं नेमका आणि मर्यादित लावला. प्रक्षेपण अडवणं हा निर्बंध. वाहिनी प्रेक्षकापर्यंत कोणत्या पद्धतीनं पोहोचवायची याचा नियम म्हणजे निर्बंध नव्हे, मात्र त्यामागे सार्वजनिक सुव्यवस्थेचं उद्दिष्ट हवं आणि प्रक्षेपण मुळातच बंद पडता कामा नये. असा नियम ब्रिटननं करायच्या देखरेखीवर दुसरी चाळणी बसवत नाही. लिथुआनियात ती वाहिनी कायदेशीरपणे दाखवता येत होती आणि पॅकेज घेणाऱ्याला पाहता येत होती, म्हणून आदेश कलम ३ च्या कक्षेत येत नाही.

उद्दिष्टाबद्दलही न्यायालय बोललं. लिथुआनियाच्या राज्याची बदनामी करणाऱ्या आणि त्याच्या अस्तित्वाला धोका आणणाऱ्या माहितीच्या प्रसाराविरुद्ध देशाच्या माहिती क्षेत्राचं रक्षण करायचं, आणि जनमत घडवण्यात टीव्हीचा वाटा फार मोठा असतो, हे त्यानं मान्य केलं.

परिणाम

तात्कालिक परिणाम असा की कंपनीचा मुख्य मुद्दा फोल ठरला. नियामकांच्या हाती मात्र कलम ३ च्या लांब वाटेशेजारी एक जवळची वाट आली.

दरम्यान निर्देशही बदलला. नोव्हेंबर २०१८ च्या दुरुस्तीनं राष्ट्रीय सुरक्षेला गंभीर धोका हे वेगळं कारण म्हणून कलम ३ मध्ये आलं. त्यासाठी बारा महिन्यांत आधीचं एकच उल्लंघन पुरेसं धरलं गेलं आणि तातडीच्या प्रसंगी आधी कारवाई, मग कळवणं अशी सोयही झाली. सदस्य देशांना ही दुरुस्ती १९ सप्टेंबर २०२० पर्यंत लागू करायची होती. लिथुआनियासारख्या देशांचा अनुभव या मसुद्यामागे उभा होता, असं तो वाचताना जाणवतं. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यामुळे १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश परवान्याला संघाच्या निर्देशाचं कवच उरलं नाही. लंडनहून युरोपभर वाहिन्या चालवणाऱ्या कंपन्यांनी त्याआधीच नेदरलँड्स, लक्झेम्बर्ग, आयर्लंड असे नवे घरमालक शोधायला सुरुवात केली होती.

मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरच्या रशियाच्या हल्ल्यानंतर युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेनं थेट निर्बंधांच्या नियमातून काही रशियन सरकारी वाहिन्या संपूर्ण संघात बंद केल्या. २७ जुलै २०२२ रोजी युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयानं (जनरल कोर्ट) फ्रान्समधल्या अशा एका वाहिनीचं आव्हान फेटाळलं. तो मार्ग मात्र परराष्ट्र धोरणाचा. तिथे नियामक, प्रेक्षकसंख्या, पॅकेज हे काहीच मोजलं जात नाही. २०१६ च्या आदेशाकडे मागे वळून पाहताना हे दोन मार्ग एकाच पिशवीत टाकू नयेत. एक युद्धकाळातला आहे, दुसरा शांततेच्या काळातला, आणि शांततेच्या काळातल्या मार्गालाच जास्त कठोर कसोट्या लावायच्या असतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयाचा क्षण साधन निवडण्याचा. तिथे आयोगानं बंदीऐवजी सौम्य साधन घेतलं ते योग्यच झालं, असं मला वाटतं. प्रौढ नागरिकाला हवं ते पाहण्याचा हक्क राहिला आणि सहज कानावर पडणारा प्रचार कमी झाला. पण मुदतीचं गणित पटत नाही. आधीच्या पूर्ण बंद्या तीन महिन्यांच्या होत्या. इथे साधन सौम्य म्हणून मुदत चौपट झाली. तीन महिन्यांचा आदेश, त्या काळात वाहिनीच्या कार्यक्रमांवर नजर, आणि पुन्हा काही सापडलं तर कारणं देऊन मुदतवाढ, असं केलं असतं तर वाहिनीलाही सुधारायला कारण मिळालं असतं. सरळ बारा महिन्यांत असं कारण उरत नाही. नीट वागलं काय, न वागलं काय, मुदत तीच.

दुसरा क्षण ऑफकॉमला सोबत घेण्याचा. वितरणाचा आदेश काढायला ब्रिटनची परवानगी लागत नव्हती, पण त्याच दिवशी कार्यक्रमाचं भाषांतर आणि आक्षेपांची यादी लंडनला पाठवायला कुणाची हरकत नव्हती. अशा प्रकरणांत दोन्ही वाटा एकत्र चालवाव्यात. देखरेखीची जबाबदारी परवाना देणाऱ्या देशाची आहे, तर ती त्याच्या टेबलावर ठेवली पाहिजे. नाहीतर परवाना एका देशाचा आणि पोलिसगिरी दुसऱ्याची, अशी सवय लागते आणि मूळ सूत्र नावापुरतं राहतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. न्यायालयाचा निकाल उभा आहे तो ‘प्रक्षेपण मुळात बंद होत नाही’ या वाक्यावर. पण बंद होत नाही हे ठरवायचं कशावरून? समजा, एखाद्या देशात अशी पॅकेजं कुठलाच वितरक देत नाही, कारण एका वाहिनीसाठी वेगळं पॅकेज आखणं त्याला परवडत नाही. कागदावर प्रक्षेपणाला मोकळीक आहे, घरात मात्र वाहिनी लागत नाही. किंवा पॅकेजची किंमत इतकी की ज्या वस्तीसाठी वाहिनी आहे तिथे ती कुणी घेत नाही. तेव्हा हा ‘पद्धतीचा नियम’ राहतो की बंदी होते? अशा आदेशासोबत तीन आकडे जाहीर व्हायलाच हवेत: आदेशापूर्वी वाहिनी किती घरांत पोहोचत होती, आदेशानंतर किती वितरकांनी ती पॅकेजमध्ये ठेवली, आणि जादा किंमत किती पडली. हे आकडे असतील तर न्यायालयाला तथ्यावरून ठरवता येईल. नसतील तर न्यायालय आदेशाच्या शब्दांवर विसंबतं. आणि शब्द तर कुठलंही सरकार जपूनच लिहितं.

ही भीती कल्पनेतली नाही. लिथुआनियाच्या बाजूनं बोलताना आपल्या मनात प्रचाराची यंत्रणा असते. पण हाच नियम उद्या एखाद्या अल्पसंख्याकांच्या भाषेतल्या, सरकारला नावडत्या पण प्रामाणिक वाहिनीला लावला, तर निकालाच्या शब्दांत त्याला अडवणारं फारसं काही नाही. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ या शब्दांत खूप काही मावतं.

चौथा क्षण कंपनीचा. तिनं आपलं सगळं वजन कलम ३ वर टाकलं, कारण तिथे जिंकलं की आदेश तत्काळ पडत होता. लक्झेम्बर्गला गेलेला प्रश्नही कलम ३ पुरताच होता. सेवा पुरवण्याचं स्वातंत्र्य देणारं संघाच्या करारातलं कलम ५६ आणि मूलभूत हक्कांच्या सनदेतलं कलम ११, म्हणजे अभिव्यक्तीचं आणि माहिती मिळवण्याचं स्वातंत्र्य, यांवर स्वतंत्र प्रश्न विचारला गेला असता तर चर्चा प्रमाणबद्धतेवर, म्हणजे उपाय गरजेपेक्षा कडक नाही ना यावर, आली असती. बारा महिने का, तीन का नाहीत? जादा पैशाची अटच का, कार्यक्रमाआधी इशारा दाखवण्याची अट का नाही? सौम्य उपाय शिल्लक असताना कडक उपाय का? हे प्रश्न नियामकाला आवडत नाहीत, पण त्यांची उत्तरं द्यावी लागली की आदेश चांगले लिहिले जातात. पुढे अशा स्थितीत सापडणाऱ्या प्रसारकाच्या वकिलानं राष्ट्रीय न्यायालयातल्या पहिल्याच अर्जात हे दोन्ही मुद्दे घालावेत, आणि प्रेक्षकांपैकी कुणी, ज्यांना वाहिनी सोडावी लागली असे, पुढे यायला तयार असतील तर त्यांची शपथपत्रं सोबत जोडावीत.